टाचांनी शोधलेलं वर्तुळ

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या लेखात त्या गावाचं नाव येणार नाही. भंडारा जिल्हा, पवनी तालुका, कोंढ्याला एसटीतून उतरायचं आणि पुढे मोटारसायकलवर अर्धा तास, इतकंच पुरे. जमिनीत पुरलेलं जुनं काही आहे म्हटलं की कुदळ घेऊन धावणारे लोक सगळीकडे असतात, आणि त्या गावातल्या चार बायकांना मी शब्द दिलाय. बाकी सगळं सांगतो. सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही. परत येऊन तीन आठवडे झाले तरी आमच्या गल्लीत भेटेल त्याला धरून मी तेच सांगतोय, आणि बायको म्हणते, एकदाचं लिहून टाका, म्हणजे लोक तुम्हाला बघून रस्ता बदलायचे थांबतील.

भंडारा

मी कोल्हापूरचा, बांधकाम खात्यातला निवृत्त आरेखक. उभी हयात दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढण्यात गेली. मुलगी लग्न होऊन भंडाऱ्याला गेली, तिथल्या एका शाळेत शिकवते. जानेवारीत आम्ही नवराबायको तिच्याकडे राहायला गेलो. जाताना माझ्या संग्रहातला भंडारा जिल्ह्याचा नकाशा मी मोठ्या ऐटीत घेतला होता. जावयानं तो उलगडला, दोन मिनिटं पाहिला आणि अदबीनं म्हणाला, "बाबा, यात गोंदिया अजून आपल्यातच आहे. वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली की." आरेखकाला असं ऐकवणं म्हणजे सोनाराला त्याचा काटा खोटा म्हणणं. मी नकाशा गुंडाळला आणि दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेतल्या लता मेश्राम बाई घरी आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "काका, तुम्ही नकाशे काढता म्हणे. आमच्या शेतातल्या गोट्यांचा काढून द्याल का?"

गोटे म्हणजे तिकडे दगड. मी विचारलं, किती मोठे? त्यांनी हात कमरेपर्यंत नेला. मांडणी कशी? त्यांनी हवेत बोटानं गोल काढला. आणि मध्ये? "मध्ये उंचवटा आहे न, मुरमाचा अन् बारीक दगडांचा." मी कप खाली ठेवला. विदर्भातल्या शिळावर्तुळांबद्दल मी वाचलं होतं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंड नुकतंच हाती आलेलं असताना, इथली माणसं आपली मेलेली माणसं पुरत, त्यावर दगडमातीचा ढीग रचत आणि भोवतीनं मोठमोठे दगड गोलात मांडत. मी आयुष्यभर फोटोत पाहिलेली गोष्ट या बाईंच्या बांधावर उभी होती, आणि त्या मात्र डब्यातल्या भाजीबद्दल बोलावं तशा तिच्याबद्दल बोलत होत्या!

पण बाईंना नकाशा हौसेसाठी नको होता. गावानं शेतांकडे जाणारी पांदण रुंद करून मुरूम टाकायचं ठरवलं होतं, आणि रस्त्याची आखलेली सरळ रेघ नेमकी त्या उंचवट्यावरून जात होती. लताबाईंचे वडील असताना खडीवाल्यांनी दोनदा ते दगड मागितले होते आणि दोनदा त्यांनी त्यांना हाकलून लावलं होतं. आता वडील नव्हते. सरपंच म्हणाले होते, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत दगडांचा नीट नकाशा आणा, ते जुने आहेत हे दाखवा, मग रस्ता बोडीच्या काठानं वळवू. बोडी म्हणजे गावचं लहान तळं. नाहीतर रस्ता सरळ जाईल आणि दगड जेसीबीनं बाजूला होतील.

"रस्ता वळला की शेजारच्या भाऊराव काकांची थोडी जमीन जाते," लताबाई म्हणाल्या. "म्हणून ते गावभर सांगतात, हे गोटे काही जुने नाहीत, मेश्रामांनीच आणून मांडले."

त्या दिवशी एकवीस तारीख होती. "उद्या पहिल्या गाडीनं निघतो," मी म्हणालो. बायकोनं आतून हाक दिली, "स्वेटर घ्या, आणि कोणावर खेकसू नका."

बावीस जानेवारी

कोंढ्याच्या थांब्यावर लताबाईंचा भाऊ सिद्धार्थ मोटारसायकल घेऊन उभा होता. तिशीचा, हसऱ्या डोळ्यांचा. "जय भीम, काका," म्हणून त्यानं माझ्या हातातलं सामान घेतलं: तिपाई, तिच्यावर बसवायचा लाकडी पाट, फिती, खुंट्या. सगळं एका गाडीवर कसं मावणार याची मला काळजी, त्याला नाही. तिपाई माझ्या पाठीला दोरीनं बांधली आणि आम्ही निघालो.

काय मुलूख आहे तो! आमच्याकडे कोल्हापूरला ऊस एकदा वाढला की शेजारचा माणूस दिसत नाही. इथं नजर पोचेल तिथवर भाताच्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाडलेली चौकोनी खाचरं. धान कापून झालेलं, आणि त्याच्या धसकटांतून लाखोरी डाळीची निळी फुलं वर आलेली. मध्येच एखादं तळं, काठाला मोहाची झाडं, पाण्यावर शेकडो पाखरं. मी दर दोन मिनिटांनी "थांब, थांब" म्हणत होतो आणि सिद्धार्थ दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "हे काईच नाही काका. आमचे गोटे पायजाच तुमी. तुमी येऊन राहिले म्हून म्या असं चकाचक करून ठेवलं!" मला वाटलं, गवतबिवत काढलं असेल.

घरी त्याच्या आईनं, अनुसयाबाईंनी, पाय धुवायला गरम पाणी दिलं. साठीच्या, कमरेत किंचित वाकलेल्या आणि बोलायला कमी. जेवायला गरम भात, पोपटाच्या म्हणजे वालाच्या दाण्यांची झणझणीत भाजी आणि तांदळाच्या पिठाचे गोड आयते. आयते म्हणजे जाळीदार घावनच, पण गुळाचे. कोल्हापूरचा माणूस भाताला शेवटचा घास समजतो. इथं तोच पहिला, मधला आणि शेवटचा. मी चार आयते खाल्ले. पाचवा वाढताना बाई प्रथमच हसल्या.

मग शेतावर गेलो. बांधाचं वळण घेतलं आणि समोर ते दिसलं. सपाट खाचरांच्या कडेला पुरुषभर उंचीचा गोल उंचवटा आणि त्याच्याभोवती दगड, एकाशेजारी एक, पांढरेशुभ्र. होय, पांढरे! सिद्धार्थनं सगळ्या दगडांना चुना फासला होता. पण तेव्हा मला त्याचा रागही आला नाही. मी पळत सुटलो. पासष्टीचा माणूस पाठीला तिपाई बांधून धसकटांतून धावतोय हे दृश्य गावातल्या पोरांनी पुढे चार दिवस एकमेकांना करून दाखवलं. मी प्रत्येक दगडाला हात लावला. एका दगडावर चुन्याखाली वाटीसारखे कोरलेले खळगे होते, दोन ओळींत सहा-सहा. अशा वाटीखुणांबद्दल वाचलं होतं. पालथा पडून त्यात बोट घातलं तर पेर बुडालं. कोणीतरी, लिहिणं माहीत नसलेल्या कोणीतरी, बसून हे घासलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

दगड मोजले. एकोणीस. दमून एकावर बसलो, सिद्धार्थला म्हणालो, फोटो काढ. उठलो तर बांधावर गोळा झालेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चुना ओला होता आणि माझी पॅंट मागून पांढरी झाली होती. ती झटकायला मागे वळलो आणि हसू गेलं. मी बसलो होतो तिथला चुना पुसून दगड उघडा पडला होता, आणि त्याच्यावर साखळीचा ताजा ओरखडा होता.

"सिद्धार्थ, हे काय?"

"ते साखरीचं होय काका," तो अभिमानानं म्हणाला. "चार गोटे खाली बांधीत आडवेतिडवे रुतून होते. गोल मोडून राहिला होता न. म्या ट्रॅक्टर लावला अना वर ओढून आनले. आता कसा बराबर गोल दिसते! गड्ढे बुजवले, नांगर फिरवून बांधी साफ केली. बाबा असते त खूश झाले असते."

मी खेकसलो. बायकोला दिलेला शब्द एका दिवसातच मोडला. "अरे, नीटनेटका गोल कोणाला पाहिजे होता? दगड जिथं होते तिथंच असण्याला किंमत आहे! भाऊराव म्हणतो, यांनीच मांडले. तू तर ते खरंच करून ठेवलंस!" सिद्धार्थचा चेहरा उतरला. पाहुणा येणार म्हणून घर सारवून ठेवावं तसं त्यानं केलं होतं, आणि पाहुण्यानं सगळ्यांसमोर त्याचं माप काढलं. जुनी जागा कुठली, हे त्याला स्वतःलाही आता नक्की सांगता येईना. नांगरलेली बांधी एकसारखी काळी पसरली होती.

संध्याकाळी तो जेवला नाही. मीही चिवडत बसलो. उरल्या पंधरा दगडांचा नकाशा मी काढू शकत होतो, पण अपुरं वर्तुळ घेऊन सभेत कोणाचं तोंड बंद करणार? अनुसयाबाई चुलीपाशी बसून आमचं सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गोटा कुटी होता ते ट्रॅक्टरले काय मालूम? आमच्या टाचेले इचारा ना."

तेवीस जानेवारी

त्यांचं म्हणणं मला समजायला थोडा वेळ लागला, म्हणून इथं सविस्तर सांगतो. भाताची रोपं लावण्याला तिकडे रोवणा म्हणतात. बायका बांधाशी एका ओळीत वाकून उभ्या राहतात आणि रोपं, ज्यांना त्या पऱ्हे म्हणतात, चिखलात खोवत मागे मागे सरकतात. मागचं दिसत नाही. प्रत्येकीला जमिनीचा एक पट्टा, तिची पात. घरोघरच्या बायका एकमेकींच्या बांधीत रोवायला जातात आणि एका बांधीत जी जिथं उभी राहिली ती वर्षानुवर्षं तिथंच. सासू थकली की तिची पात सुनेकडे येते. या बांधीत चार पाती अशा होत्या, ज्यांत मागे सरकताना टाच दगडाला लागायची. दरवर्षी, तितक्याच ओळींनंतर.

सकाळी अनुसयाबाई दोघी जणींना घेऊन आल्या, यमुनाबाई आणि पार्वताबाई. चौथी आली नव्हती. चौथी पात देवकाबाईंची, आणि देवकाबाई म्हणजे भाऊरावांची बायको.

तिघी आपापल्या जागी बांधाला पाय टेकवून उभ्या राहिल्या. यमुनाबाईंनी कोरड्या ढेकळांकडे पाहिलं. "काका, पऱ्हे कुटी? चिखल कुटी? असा रोवणा त आमच्या सात पिढ्यांत नाही झाला!" तरी त्या वाकल्या. पदर खोचलेला, डावा हात मांडीवर, उजवा हात मोकळ्या जमिनीत न दिसणारी रोपं खोवतोय. ओठांत आकडे. जानेवारीच्या उन्हात तीन बायका हवा लावत मागे सरकत होत्या आणि मी खुंट्या धरून उभा होतो.

"सतरा," यमुनाबाई थांबल्या आणि टाच जमिनीवर आपटली. "येथी."

पार्वताबाई अठराला थांबल्या, अनुसयाबाई एकवीसला. मी खुंट्या ठोकल्या. खरं सांगायचं तर माझा विश्वास नव्हता. मी त्यांना परत बांधावर पाठवलं, खुंट्यांवर पोती टाकली आणि पुन्हा रोवायला लावलं. आणि पुन्हा. तिन्ही वेळा टाच खुंटीपासून वीतभराच्या आत. तिसऱ्या वेळी यमुनाबाई वैतागल्या, "अवो बाप्पा, घर नाही इसरत मानूस, अना पात कसा इसरन?"

आता माझी पाळी होती. तोवर तिपाई लावून न हललेले पंधरा दगड मी कागदावर उतरवले होते. (तिपाईचा एक पाय उंदराच्या बिळात गेला आणि अर्ध्या तासाचं काम पुसावं लागलं, पण ते जाऊ द्या.) त्या पंधरांवरून वर्तुळाचा मध्य काढला, उंचवट्यावर मध्यभागी खुंटी धरून सिद्धार्थला उभा केला, दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि दगडांच्या कडेकडेनं चालत बांधीत उतरलो. सिद्धार्थनं ओढून आणलेल्या दगडांना दोरी शिवलीही नाही, ते बरेच आत राहिले. आणि ती सरळ गेली कुठं? अनुसयाबाईंच्या खुंटीवर! तिथून पुढं यमुनाबाईंच्या, हातभराच्या फरकानं. तिथून पार्वताबाईंच्या, अगदी डोक्यावर.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. दोरी टाकून मी त्या बांधीत चक्क नाचलो, मागून पांढऱ्या पॅंटीत. त्या बायकांना वर्तुळ, मध्य, त्रिज्या यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी फक्त आपला पाय कुठं अडतो ते सांगितलं होतं. खणायचं नाही हे पक्कं ठरलं होतं, म्हणून खुंटीजवळची वरची भुसभुशीत माती नुसती हातानं सारली. खाली दगडाच्या बुडाएवढा वेगळ्या मातीचा गोल होता आणि कडेनं मुठीएवढे धोंडे ठोकून बसवलेले. दगड हलू नये म्हणून पहिल्या मांडणाऱ्यांनी घातलेली पाचर!

राहिला चौथा. देवकाबाईंच्या पातीतून दोरी जिथून जात होती ती त्याची जागा, हे दिसतच होतं. मी तिथं खुंटी ठोकायला वाकलो तर अनुसयाबाईंनी माझा हात धरला.

"तो देवकाचा गोटा होय. तिले इचारल्याबिगर कसे ठेवता?"

"पण भाऊराव तिला येऊ देतील का?"

"ते मले नाही मालूम. पन तिची जागा आपन नाही सांगाची."

मला ते त्या वेळी हट्टीपणाचं वाटलं. दोन दिवस हातात असताना हा कसला सोवळेपणा? तरी खुंटी खिशात ठेवली.

चोवीस जानेवारी

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा एक बाई हातात विळा घेऊन बांधावरचं गवत कापत होती. गवत कसलं, मूठभरही नव्हतं. माझ्याकडे न बघता तिनं विळा ठेवला, बांधाला पाय टेकवला, वाकली आणि भरभर मागं यायला लागली. "बावीस," म्हणून थांबली.

मी दोरी ताणली. बाईची टाच माझ्या वर्तुळाच्या बाहेर पडली होती, चांगली एक ढांग.

"बाई, इथं नसणार. वर्तुळ इकडून जातंय बघा."

देवकाबाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "वर्तुळ तुमचं असन जी. टाच मायी आहे."

मी माझ्या जागेवरची माती सारली. काही नाही, नुसतं नांगरलेलं शेत. मग त्यांच्या टाचेखालची सारली. वेगळी माती, कडेनं धोंड्यांची पाचर, स्पष्ट! मी कान पकडले, खरोखर दोन्ही हातांनी पकडले, आणि बाई हसल्या. तीन हजार वर्षांपूर्वी दगड मांडणाऱ्यांच्या हातात माझ्यासारखी दोरी नव्हती, किंवा असली तरी तो एक दगड त्यांना तिथंच हवा होता. मी भूमितीवर भरवसा ठेवून खुंटी ठोकली असती तर नकाशात कायमचं खोटं गेलं असतं. अनुसयाबाई कालची खुंटी मागत माझ्यापुढं हात करून उभ्या होत्या.

"मायी सासू याच पातीले होती," देवकाबाई विळा उचलत म्हणाल्या. सभेत हे सांगाल का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "घरात आग लागन जी." आणि ते मूठभर गवत घेऊन निघून गेल्या.

दुपारी साखळीखाली पेंढा घालून ट्रॅक्टरनं चारही दगड आपापल्या जागी नेले. सगळ्या गल्लीनं पेंढ्याच्या बोळ्यांनी चुना धुतला. काळे, शेवाळलेले एकोणीस दगड उन्हात पुन्हा दिसायला लागले. मी नकाशा पुरा केला आणि खाली स्वच्छ अक्षरात टीप लिहिली: सोळा ते एकोणीस हे दगड यंदा ट्रॅक्टरनं हलवले गेले होते, ते रोवणा करणाऱ्या चार बायकांच्या सांगण्यावरून मूळ जागी ठेवले आहेत.

सिद्धार्थनं ती वाचली आणि त्याचा आवाज चढला. "हे कायले लिवता काका? हे लिवलं त संपलंच. भाऊराव काकाले आयतंच भेटलं."

"नाही लिहिलं तर हा नकाशा नाही, चित्र आहे," मी म्हणालो. माझाही चढला होता.

"लिवू दे," अनुसयाबाई म्हणाल्या. "आपन चुकलो ते आपनच सांगाव. दुसऱ्यानं सांगतलं म्हंजे ते पाप होते."

सिद्धार्थ उठून बाहेर गेला.

सव्वीस जानेवारी

मधल्या दिवशी मी भंडाऱ्याला जाऊन आलो. सव्वीसला लताबाई आणि माझी बायकोही बरोबर होत्या. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पडवीत सभा बसली. बाप्ये एका बाजूला सतरंजीवर, बायका दुसऱ्या बाजूला. माझा नकाशा भिंतीवर लावला होता. आमच्याकडे अशा सभेला बायका सह्या करून घरी जातात. इथं त्या पुढं सरकून नकाशात आपलं घर शोधत होत्या.

मी बोललो. छान बोललो असं मला वाटत होतं, पण भाऊराव उठले आणि थेट माझ्या टिपेवर बोट ठेवलं. पन्नाशीचे, धोतर-सदऱ्यातले, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. "हे पाहा. साहेबानंच लिवलं, गोटे हालवले म्हनून. जे चार हालवता येतात ते एकोनीसही हालवता येतात. मी काय वेगळं सांगून राहिलो? हे इथं कधी नव्हतेच."

 सिद्धार्थनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. मी उघडा पडल्यासारखा उभा होतो. पाचरीचं सांगायला तोंड उघडलं, पण ती पाचर आता दगडांखाली होती आणि माझ्या शब्दापलीकडे दाखवायला काही नव्हतं.

"मले बोलाचं आहे."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. देवकाबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावर ओढलेला, नजर नवऱ्याच्या पायांकडे.

"माया लग्नाच्या आंधीची गोष्ट. तुमच्या मायनंच मले सांगतली. रोवण्यात गोट्याले लागून तिची टाच फुटली होती. चिखलात रक्तच रक्त. तुमी लहान होते, हळद घेऊन धावत आले. मरेपर्यंत त्या जखमेचा वन तिच्या टाचेले होता. आखरीले मीच तिचे पाय धुतले, म्या पायला." त्या थांबल्या. मग नजर वर केली. "गोटा तेथी नव्हता, त तुमच्या मायची टाच कायनं फुटली?"

 भाऊराव बायकोकडे बघत राहिले. मला वाटलं, आता भडकतील. ते वळले, नकाशाजवळ गेले, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले आणि मग बोट ठेवलं. वर्तुळातून जरासं बाहेर पडलेल्या दगडावर.

"हा," ते म्हणाले.  "हाच होय. बांधीच्या या कोन्यात. तिले पाठुंगरी घेऊन बाबानं घरी आनलं होतं." मग सरपंचांकडे वळून, "बोडीच्या काठानं न्या रस्ता. पन मायी एकट्याची जमीन नाही जाची. अर्धी जागा सिद्धार्थनं आपल्या बांधीतून द्याची."

"देतो ना काका," सिद्धार्थ उभा राहून म्हणाला. "आजच देतो!"

सरपंचांनी तसं लिहून घेतलं, टाळ्या झाल्या, माझी बायको शेजारच्या बाईचा हात धरून रडायला लागली आणि मला म्हणाली, "चुना लागलेली पॅंट मी टाकायची नाही आता." सभा पांगायला लागली तरी भाऊराव नकाशापाशीच होते.

"साहेब, येथी एकोनीस काहून लिवलं?"

"तो दगडाचा क्रमांक आहे. ओळखायला."

"नंबरानं काय ओळखू येते? मायचं नाव लिवा, कौसल्या."

मी बाकीच्या तिघींनाही विचारलं, आणि त्यांनी प्रत्येकीनं आपलं नाही, तर ज्या सासूकडून पात मिळाली तिचं नाव सांगितलं. चार क्रमांक खोडले. आरेखकानं पुऱ्या झालेल्या नकाशात खाडाखोड करणं म्हणजे लाज, आणि मी ती सगळ्या गावादेखत केली. शेवटचं नाव कौसल्याबाईंचं. ते लिहिताना भाऊराव खांद्यावरून वाकून बघत होते. अक्षर वाकडं आलं. ते मी तसंच ठेवलंय.